चौदाव्या मजल्यावर पडणारं नाणं

लिफ्टच्या कारखान्यात, लेथच्या मागच्या भिंतीवर, अकरा पिवळी हेल्मेटं खुंट्यांना टांगलेली होती. प्रत्येकावर तैलरंगानं एकेक नाव. अक्षर एकाच हातचं, ओळंब्याचं. आणि नावं सगळी सोडून गेलेल्या इंजिनियरांची.

ओळंबा म्हणजे कारखान्यातला सगळ्यात जुना फिटर. उंच, काटकुळा, चालताना इकडे-तिकडे न झुकणारा. लिफ्टच्या शाफ्टमध्ये छतापासून तळापर्यंत तार सोडायची, तिला वजन बांधायचं, वजन डोलू नये म्हणून ते तेलाच्या बादलीत बुडवायचं आणि त्या तारेला धरून लिफ्टचे रूळ उभे करायचे, हे काम एकतीस वर्षं त्याच्याकडे होतं. आईबापांनी ठेवलेलं नाव तेवढं पगाराच्या कागदावर उरलं होतं. बायकोसुद्धा रागावली की म्हणायची, "अहो ओळंबे, कधीतरी वाका."

त्या अकरा जणांपैकी चार परदेशी गेले. दोघं विमा विकायला लागले. एकानं घरपोच जेवण पाठवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. एक जण क्लास काढून मुलांकडून इंजिनियरिंगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेत होता. म्हणजे सोडून जाणाऱ्यांची पुढची खेप तयार करत होता, असं ओळंब्याचं म्हणणं. उरलेल्या तिघांचा ठावठिकाणा कोणाला माहीत नव्हता.

परदेशी गेलेल्या चारांत ओळंब्याचा सख्खा पुतण्या होता. त्याला ओळंब्यानंच कारखान्यात आणलं, तार कशी सोडायची ते हाताला धरून शिकवलं. तो आता दर हिवाळ्यात बर्फाचे फोटो पाठवायचा. ओळंबा चष्मा लावून ते नीट बघायचा आणि म्हणायचा, "मागचा विजेचा खांब वाकडा आहे."

प्रत्येकाला त्यानं थांब म्हणून विनवलं होतं. अकराव्यासमोर तर हात जोडले. तोही गेला. त्या दिवशी ओळंब्यानं ठरवलं की यापुढे कोणाला थांब म्हणायचं नाही, आणि हेल्मेटांवर तैलरंग वाया घालवायचा नाही.

म्हणून बारावी आली तेव्हा तिच्या हेल्मेटवर त्यानं खडूनं लिहिलं.

बारावी म्हणजे बारावी इंजिनियर. पंचविशीची, ठेंगणी, केस कायम पेन्सिलीनं अडकवलेले. पहिल्याच दिवशी लेथवरच्या टर्नरनं "ओ बारावी" अशी हाक मारली, तिनं वळून बघितलं, आणि तेच नाव पडलं.

मालकांनी तेव्हाच सगळ्यांना बोलावून सांगितलं. "ही शेवटची. हीसुद्धा गेली तर आपण लिफ्ट बनवायची बंद. बाहेरून तयार आणायची, लावायची, कमिशन घ्यायचं. लेथ विकून टाकू. मी थकलो."

हे बोलून थकलेल्या मालकांनी लगेच एक समिती नेमली. तिचं नाव टिकवा समिती. समितीत तिघं. स्वतः मालक, ऑफिस सांभाळणारी त्यांची मेहुणी, आणि ओळंबा. मेहुणीनं कुठेतरी वाचलं होतं की इंजिनियर लोकांना सुखसोयी लागतात. तीन तास खल होऊन ठरलं की बारावीला चाकाची, मान टेकायची खुर्ची द्यायची, एसीची खोली द्यायची, कॉफीचं मशीन आणायचं आणि दर शुक्रवारी केक कापायचा, कोणाचा वाढदिवस असो वा नसो. शाफ्टमधल्या धुळीत तिला उतरवायचं नाही. ओळंब्यानं तिच्यावर आवाज चढवायचा नाही, तिला मॅडम म्हणायचं.

"आणि आप-आप करून बोला," मेहुणी म्हणाली.

"म्हणजे कसं?"

"म्हणजे, आपण बसावं, आपण घ्यावं."

दुसऱ्या दिवशी ओळंबा बारावीला म्हणाला, "मॅडम, आपण बसावं, मी बघतो." टर्नरनं लेथ बंद केला. कुठून वेगळाच आवाज येतोय, मशीन बिघडलं की काय, म्हणून.

चार महिने असे गेले. बारावीचं काम म्हणजे परदेशातून विकत आणलेल्या आराखड्यांवर 'तपासले' असा शिक्का मारायचा. तपासायचं काय, तर कागद मोजून पूर्ण आहेत का ते. ती खुर्चीत बसून खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घरंगळत जायची आणि परत यायची. केक खाऊन खाऊन तिला केकचा वास नको झाला. कॉफीचं मशीन बिघडलं तेव्हा तिनं ते दार लावून पूर्ण खोललं, दुरुस्त केलं, पुन्हा खोललं आणि पुन्हा जोडलं. काम पुरवून पुरवून करत होती बिचारी.

कारखान्यानं त्या वर्षी बावीस मजली इमारतीचं काम घेतलं होतं. त्याआधी नऊ मजल्यांच्या वर कधी कोणी गेलं नव्हतं. पेटी बसली, दोर चढले, मोटर चालली, आणि सोमवारी दुपारी ओळंब्यानं खिशातून नाणं काढलं.

हा कारखान्याचा जुना शिरस्ता. नवीन लिफ्टच्या पेटीत, फरशीवर एक नाणं कडेवर उभं करायचं आणि लिफ्ट सगळ्यात वर न्यायची. नाणं उभं राहिलं तर रूळ सरळ, लिफ्ट पास. पडलं तर जिथे पडलं तिथला जोड पुन्हा लावायचा. ओळंब्याचं नाणं चलनातून केव्हाच गेलेलं होतं. कडा कानशीनं सपाट करून देतो, असं एकदा टर्नर म्हणाला होता. ओळंबा त्याच्याशी आठवडाभर बोलला नाही.

नाणं तेराव्या मजल्यापर्यंत उभं राहिलं आणि चौदाव्यावर पडलं. तीनदा नेलं, तीनदा चौदाव्यावर. ओळंबा पेटीच्या टपावर चढला, जोड चाचपला, तार पाहिली, पट्टीनं मोजलं. तारेच्या हिशेबानं रूळ बरोबर होते. नाण्याच्या हिशेबानं नव्हते.

तेवढ्यात बारावी कसल्यातरी कागदावर त्याची सही घ्यायला आली. चौदाव्या मजल्याच्या उघड्या दारातून तिनं शाफ्टमध्ये डोकावलं. ओळंब्यानं काय झालं ते सांगितलं, कारण समितीनं न बोलायला सांगितलं नव्हतं.

"हे रूळ कधी लावले?" तिनं विचारलं.

"खालचे तेरा मजले सकाळी. वरचे नऊ दुपारी. सकाळी वर प्लंबर असायचे."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "मग तार चुकली."

ओळंब्याचे कान लाल झाले. "मॅडम, आपण खुर्चीत बसावं."

"तार चुकली, काका. सकाळी वेगळी, दुपारी वेगळी."

"ए पोरी," ओळंबा म्हणाला, आणि समिती, मालक, मेहुणी सगळं तिथेच संपलं. "एकतीस वर्षं तार सोडतोय मी. माणूस चुकेल, पट्टी चुकेल, तुझी ती कागदं चुकतील. तार खाली जाते. तिला दुसरं काही येतच नाही. चार महिने खुर्चीत लोळून तू मला तार शिकवणार? हातात कधी पाना धरलायस?"

त्याचा आवाज शाफ्टमध्ये घुमत तळापर्यंत गेला आणि परत आला. खाली प्लंबरनं काम थांबवलं.

बारावीच्या तोंडावर हसू पसरलं. "चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी नीट बोललं," ती म्हणाली आणि पेटीच्या टपावर उतरली. कागद वाऱ्यानं कुठे गेला ते दोघांनी पाहिलं नाही.

"तार खालीच जाते," ती म्हणाली. "पण ती अडकवलीय इमारतीच्या डोक्याला. आणि इमारत हलते. ऊन पडलं की एक बाजू तापते, फुगते, इमारत दुसरीकडे झुकते. जराशीच. नऊ मजल्यांत कळत नाही. बावीसमध्ये कळेल."

"इमारत काय सूर्यफूल आहे?"

"सूर्यफूल सूर्याकडे वळतं. ही पाठ फिरवते."

"कोणी सांगितलं?"

"कॉलेजात. एकाच तासाला. मी अर्धी झोपेत होते."

"झोपेत ऐकलेलं घेऊन मी एकशे चव्वेचाळीस बोल्ट सोडू?"

"नका सोडू. उद्या दिवसभर बसून मोजू."

मंगळवारी पहाटे साडेपाचला दोघं चौदाव्या मजल्यावर हजर होते. तारेच्या मागे भिंतीला आलेखाच्या कागदाची पट्टी चिकटवली. दर तासाला तार जिथे असेल तिथे बारीक खूण करायची. पेन्सिल ओळंब्यानं स्वतःकडे ठेवली. तिच्या केसांतलीच घेतली, कारण तिला टोक चांगलं होतं.

सहा, सात, आठ. तार जागेवर. ओळंबा खुशीत. नऊ वाजता उन्हानं इमारतीची एक बाजू धरली. दहाची खूण जरा सरकली. ओळंब्यानं चष्मा पुसला. अकराची आणखी सरकली. त्यानं खाली जाऊन बादलीतलं तेल पाहिलं, वजन पाहिलं, चौदा मजले जिना चढून परत आला. बाराची खूण त्याहून पुढे होती.

मधल्या वेळात बोलणं होणारच. बारावीनं सांगितलं की तिला परदेशातून पत्र आलंय. बँकेत नोकरी, लोक कर्ज फेडतील की बुडवतील त्याचे अंदाज बांधायचे. पगार इथल्या चौपट. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हो की नाही ते कळवायचंय.

"बँकेत लिफ्ट असेल," ओळंबा म्हणाला.

"असेल. मी बसेन त्यात."

थांब हा शब्द ओळंब्याच्या जिभेवर आला होता. त्यानं पेन्सिल दातात धरली. एकची खूण जरा वेडीवाकडी आली ती त्यामुळे.

दुपारी तीनला तार साडेतीन मिलिमीटर सरकलेली होती. संध्याकाळी सहापर्यंत बरीचशी परत आली. खुणांची चंद्रकोरीसारखी रांग कागदावर उमटली होती. ओळंबा त्या रांगेकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून. बारावीला वाटलं काका रडतायत. "वाकते," तो म्हणत होता. "एवढी दगडा-सिमेंटची धोंड, आणि ऊन लागलं की मान वळवते. एकतीस वर्षं मी हिच्या पोटात उभा आणि मला पत्ता नाही." हसता हसता त्याला ठसका लागला. बारावीनं पाठीत दोन गुद्दे घातले. बऱ्यापैकी जोरात.

घरी जाऊन त्यानं माळ्याच्या कडीला दोरी बांधली आणि तिला अडकित्ता लटकवला. बायको शिवणयंत्रावर बसली होती. तिनं चष्म्यावरून पाहिलं.

"आता हे काय?"

"आपलं घर वाकतं का बघतोय."

"घर नाही वाकत. तुम्ही वाकलात एकदाचे." तिनं दोरा तोडला. "ती पोरगी जाणार ना? मग थांब म्हणालात?"

"मी ठरवलंय. नाही म्हणणार."

"ठरवलंय म्हणे. गेली की दोन दिवस जेवणार नाही, मग मी ताटं झाकून ठेवायची." आणि जरा वेळानं, "अडकित्ता सोडा तो. मला लागतो."

बुधवारपासून काम सुरू झालं. वरचे नऊ मजले, मजल्याला रूळ भिंतीला धरणारे चार ब्रॅकेट, ब्रॅकेटला चार बोल्ट. सगळे सैल करायचे, रूळ तारेला लावायचा, मागे पत्र्याच्या पातळ चकत्या सरकवायच्या, पुन्हा आवळायचे. मोजायचं फक्त पहाटे, ऊन चढायच्या आत. शुक्रवारी नाणं परत उभं करायचं होतं, म्हणून तीनच सकाळी मिळत होत्या. तीन सकाळींत छत्तीस ब्रॅकेट म्हणजे सकाळी बारा. यात हयगय चालत नाही.

पहिल्या दिवशी बारावीनं बोल्ट असे आवळले की अकरा बोल्ट ओळंब्यानं परत सोडायला लावले. "जीव खाऊन आवळायचं नाही. बोल्ट सांगतो पुरे म्हणून. ऐकायचं." दुसऱ्या दिवशी तिच्या उजव्या हाताला फोड आले. तिनं ते त्याला दाखवले. त्यानं पाहिले आणि म्हणाला, "मग डावा वापर." ती डाव्या हातानं आवळायला लागली आणि गाणं म्हणायला लागली. सूर इतका वाईट होता की ओळंब्याला वाटलं, बोल्ट नक्कीच लवकर पुरे म्हणतील.

गुरुवारी मेहुणी शाफ्टपाशी आली. बारावीचं तोंड ग्रीसनं काळं झालेलं पाहून तिनं ओळंब्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं कोणाचा खून केलाय. "समितीत काय ठरलं होतं?"

"मी राजीनामा देतो," ओळंबा म्हणाला. "समितीचा."

शुक्रवारी सकाळी आठला छत्तिसावा ब्रॅकेट आवळून झाला. मग पेटी, दारं, ब्रेक सगळं तपासण्यात चार वाजले. परदेशच्या पत्राची बातमी तोवर मालकांच्या कानावर गेली होती. मालक आणि मेहुणी तळमजल्यावर लिफ्टच्या दारासमोर केक घेऊन उभे राहिले. केकवर मेहुणीनं गुलाबी क्रीमनं लिहून आणलं होतं, 'थांब ना'.

वर जायचं बटण बारावीनं दाबलं. ओळंब्यानं गुडघे टेकून नाणं उभं केलं. दोघं समोरासमोर, फरशीवर, नाण्याच्या दोन बाजूंना बसले. खरं तर बाहेर टळटळीत ऊन होतं, इमारत वाकलेली होती. पण आता रूळ तिच्याबरोबर एका अंगानं वाकणार होते, मध्येच गुडघा मोडल्यासारखे नाही.

दहा. अकरा. बारा. ओळंब्यानं श्वास रोखून धरला. तेरा. बारावीनं डोळे मिटले. चौदा.

नाणं उभं होतं.

पंधरा. सोळा. बारावीनं एक डोळा उघडला आणि तिला हसू फुटायला लागलं. ओळंब्यानं बोट ओठांवर ठेवलं. हसलं की अंग हलतं, अंग हललं की पेटी. पण तिचं पाहून त्यालाही हसू यायला लागलं. दोघांनी गाल फुगवून, ओठ दाबून, डोळ्यांतून पाणी काढत बाविसावा मजला गाठला. दार उघडलं, बंद झालं. नाणं तसंच. पेटी खाली निघाली.

तळमजल्यावर दार उघडलं. मालकांनी हसऱ्या चेहऱ्यानं केकसकट पाय उचलला.

"पाय ठेवू नका," दोघं एकदम म्हणाले.

मालक एका पायावर थांबले. दार बंद झालं. पेटी परत वर गेली.

दुसऱ्या फेरीलाही ते उभं राहिलं. आणि तिसऱ्याही. एकदा पुरे होतं, पण कोणी थांबा म्हणेना. प्रत्येक वेळी खाली दार उघडायचं, मालक आणि केक दिसायचे, दार बंद व्हायचं. चौथ्या वेळी मालक जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि 'थांब ना' मधला 'ना' त्यांनी खाल्लेला होता.

पाचवी फेरी सुरू झाली तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. बारावीनं फोन काढला. ओळंब्याचं हसू उतरलं. ती लिहीत होती. बराच वेळ लिहीत होती. मग तिनं पाठवायला बोट टेकलं. पेटीत रेंज नव्हती. पत्र नुसतं गोल गोल फिरत राहिलं.

ओळंबा नाण्याकडे बघत होता. विचारायचं नाही, थांब म्हणायचं नाही. ठरलेलं होतं. हो लिहिलं असेल तर हो. खुंटी तयार आहे, बारावी खुंटी, त्यानं स्वतः ठोकलेली. मग लेथही जाईल. टर्नरला सांगावं लागेल.

बाविसाव्यावर दार उघडलं. फोन टिंग झाला. पत्र गेलं.

"कळवलंस?" ओळंबा म्हणाला. एवढं विचारायला हरकत नव्हती.

"कळवलं."

वीस, अठरा, चौदा. नाणं उभं. दहा.

"काका," बारावी फोडांवरची पट्टी नीट करत म्हणाली, "शेजारच्या शाफ्टची तार सोमवारी किती वाजता सोडायची?"

सहाव्या मजल्यावर नाणं पडलं. पेटी जराही हलली नव्हती. ओळंबा हलला होता.

"साडेपाच," तो म्हणाला. मग बोट उगारून परत म्हणाला, "साडेपाच. पाच पस्तीसला आलीस तर जिन्यानं बावीस मजले."

दार उघडलं. मालक उठून उभे राहिले. बारावी बाहेर आली आणि केककडे न बघता म्हणाली, "मी कायमची थांबत नाही. दोन वर्षं. आराखडे मी काढणार आणि खाली सही माझी. तो शिक्का मला परत दिसला नाही पाहिजे."

"दोन वर्षांनंतर काय?" मालक म्हणाले.

"लिफ्टची दर वर्षी तपासणी होते ना? माझीही करा. काम देताय का ते बघा."

मालकांनी ओळंब्याकडे पाहिलं. ओळंबा खाली वाकून नाणं शोधत होता, किंवा तसं दाखवत होता. मालक म्हणाले, "बरं. आणि खुर्ची?"

"ती ताईंना द्या," बारावी म्हणाली. मेहुणीला खुर्ची मनापासून आवडत होतीच. समिती त्याच ठिकाणी, उरलेल्या केकवर, बरखास्त झाली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर बारावी हेल्मेट घेऊन ओळंब्याच्या बाकापाशी आली. घामानं आणि ग्रीसनं खडू पुसून गेला होता. एक अक्षरही उरलं नव्हतं.

"सोमवारी कोणाचं समजून घालू हे?"

ओळंब्यानं कपाट उघडलं. तैलरंगाचा डबा वर्षभरात उघडला नव्हता. झाकण काढायला दोन पाने लागले. वरची साय काढली, काडीनं ढवळलं, ब्रश रॉकेलमध्ये धुतला, फडक्यानं हेल्मेट तीनदा पुसलं. मग जीभ दातात धरून त्यानं एकेक अक्षर काढलं. तिचं खरं नाव, पूर्ण, पुतण्याच्या हेल्मेटवर काढलं होतं त्याच मापाचं. बारावीनं बघायला मान पुढे केली आणि बोट लावायला गेली.

त्यानं तिच्या हातावर चापट मारली. "वाळायला चार तास लागतात. तोवर हात लावायचा नाही."

ती बाकावर चढून बसली आणि पाय हलवत वाट बघू लागली.